शिल्लक संपवून या

माझ्या हातचा अर्ज तीस वर्षांत एकदाही चुकीचा म्हणून परत आला नाही, ही माझी मिजास. समाजकल्याण ऑफिसच्या जिन्याखाली माझं टेबल, वर टाइपरायटर, समोर गिऱ्हाइकाला एक स्टूल. आतल्या साहेबांपेक्षा अर्जवाल्या काकांना नियम जास्त पाठ, असं लोक म्हणतात आणि मी ते खोडून काढत नाही. काजवाल्या ताईंबद्दल सांगायचं तर हे आधी सांगावं लागतं. त्यांचं जे वाटोळं झालं त्यात माझ्या या मिजाशीचा मोठा हात आहे. सगळं नियमावर ढकलून मी मोकळा होणार नाही. नियमाला शिव्या घालायच्याच आहेत, त्या पुढे घालतो.

ताई शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या. बटन ज्यातून जातं ते काज. दिवसाला हजार-दोन हजार काजं, वर्षानुवर्षं. बोलतानासुद्धा डोळे बारीक करायची सवय त्यातूनच लागलेली. लग्न केलं नाही, कारण पाठचा भाऊ. भाऊ चाळिशीचा, अंगाने दांडगा, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. त्याला सगळे धाकटाच म्हणत. अशा माणसांसाठी एक कार्यशाळा होती, तिथे तो दिवसभर कागदी पाकिटं चिकटवायचा. ते त्याचं काम, आणि त्या कामाचा त्याला केवढा तोरा. रविवारी कार्यशाळा बंद असायची तर हा सकाळी तयार होऊन दारात उभा, आणि ताई त्याला समजावून समजावून बेजार.

कार्यशाळेची फी सरकारी भत्त्यातून जायची. भत्ता होता म्हणून ताईंना निवांत कारखान्यात जाता यायचं. पण एक घोर त्यांना कायम लागलेला: मी गेल्यावर हा कुठे राहणार? कार्यशाळेच्या मागेच एक लहानसं वसतिगृह होतं, बारा खाटांचं. एकदाची अनामत भरली की माणूस जन्मभर तिथे. कामाची जागा तीच, माणसं तीच. त्या अनामतीसाठी ताई अकरा वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे टाकत होत्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी एकदा म्हटलं, "ताई, आता तरी नवा घ्या." तर म्हणाल्या, "कानावर बसतोय ना? मग झालं तर."

भत्त्याचा अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. इतकी वर्षं तो कारखान्याचा मुकादम भरून द्यायचा. तो निवृत्त झाला म्हणून ताई माझ्या स्टुलावर आल्या. सोबत जुन्या अर्जाची प्रत. मी ती पाहिली आणि माझं टाळकं फिरलं. ‘कुटुंबाची एकूण शिल्लक’ या रकान्यात मुकादमाने नुसती रेघ ओढलेली.

"ही काय पद्धत झाली?" मी म्हटलं. "रकाना मोकळा ठेवायचा? पासबुक आहे का?"

"आहे की," ताई म्हणाल्या आणि पिशवीतून काढून दिलं. खातं दोघांच्या नावावर, धाकट्याचं नाव वर. "त्याचेच आहेत ना ते, म्हणून."

शिल्लक ठरावीक मर्यादेच्या वर गेली की भत्ता बंद, हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो श्रीमंतांना अडवायला आहे, अशी माझी समजूत. ताईंचं कारण खरं, कागद खरे, मग भ्यायचं कशाला? मी आकडा पैशासकट टाइप केला, खाली अनामतीबद्दल दोन ओळी सुवाच्य जोडल्या आणि वर ताईंना शहाणपण शिकवलं, "खरं लिहिलं की कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही."

महिन्याभरात पत्र आलं. भत्ता बंद.

मी ताईंना घेऊन आत गेलो. क्लार्क माणूस वाईट नव्हता, त्याने स्वतः खुर्ची पुढे केली. फाइल उलगडून म्हणाला, "शिल्लक मर्यादेच्या तिप्पट आहे, ताई. आधी ती संपवा, मग या. लगेच मंजूर करतो."

"ती संपवायला नाही साठवली," ताई म्हणाल्या.

"कशाला साठवली हा रकाना अर्जात नाही हो."

हेच ते, ज्याला मी शिव्या घालतो. दारू पिऊन पैसे उडवले असते तर भत्ता चालू राहिला असता. भावाची सोय करायला निघाल्या तर बाई श्रीमंत ठरल्या. उद्याची तजवीज करणाऱ्याला आज उपाशी ठेवायचं, हा कुठला न्याय? ऑफिसला फुकट्यांची भीती असते, मला कळतं. पण दोऱ्याने चष्मा बांधणारी बाई फुकटी?

बाहेर आल्यावर ताई स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, ते पैसे तुमच्या नावावर ठेवता का? तुमच्यावर माझा भरवसा आहे."

मी नाही म्हटलं. माझ्या हातून खोटा कागद होणार नाही, असं म्हटलं. ते ऐकून त्यांनीच माझी माफी मागितली. अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग त्यांनी संपवायला घेतलं. धाकट्याला घरी बसवणं त्यांच्याने होणार नव्हतं, म्हणून कार्यशाळेची फी त्याच पासबुकातून जाऊ लागली. अकरा वर्षांचं साठवलेलं सव्वादोन वर्षांत मर्यादेखाली आलं. पुन्हा अर्ज केला, पुन्हा मीच, आणि तो पंधरा दिवसांत मंजूर झाला. ताई पत्र दाखवायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "झालो बाई एकदाचे गरीब." मीही हसलो. दुसरं काय करणार होतो? पुढे दर दोन महिन्यांनी येऊन विचारायच्या, "किती ठेवले तर चालतील, काका?" मी सांगायचो. तेवढ्यात अनामतीचा चौथा हिस्साही भागला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षीच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. रजेचे पैसे कापले जातात म्हणून आठ दिवस अंगावर काढला. हॉस्पिटलात चार दिवस होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. काय मागत होत्या ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. मी म्हटलं, "बघतो मी त्याचं." पहाटे त्या गेल्या.

धाकट्याला तेवढ्यापुरतं ताईंच्या शेजाऱ्यांनी ठेवून घेतलं. वसतिगृहाच्या बाईंनी हात जोडले. अनामतीशिवाय खाट देणं त्यांच्या हातात नव्हतं. राहिली ती सरकारी संस्था, बसने सहा तासांवर. तिथे पाकिटं नाहीत, कार्यशाळा नाही, लोक दिवसभर ओट्यावर बसून असतात. मी ती बघून आलो आणि ठरवलं की धाकट्याला माझ्याकडेच ठेवायचं. दोन खोल्या आहेत, एकटा जीव तो, कितीशी अडचण करणार? भत्त्यातून फी जाईल, सकाळी मी ऑफिसला येता येता त्याला सोडेन.

क्लार्कला हे सांगितलं तर तो मनापासून खूश झाला. फाइल काढली, पेन उघडलं आणि म्हणाला, "मग तो आता तुमच्या कुटुंबात धरला जाईल. काका, तुमची शिल्लक किती?"

नियम मला पाठ होता. फक्त तो मला कुणी कधी लावला नव्हता. म्हातारपणासाठी, दुखण्याखुपण्यासाठी, कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून मी काय ते बाजूला टाकलंय. ते ताईंच्या शिलकीपेक्षा जास्त आहे.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

माझ्या घरी विचारायला कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. पुढचे आठ दिवस मी जिन्याखाली टेबल लावलंच नाही, अंग दुखतंय म्हणून पडून राहिलो. नवव्या दिवशी आलो तेव्हा क्लार्कने जाता जाता सांगितलं, धाकट्याला काल संस्थेची गाडी घेऊन गेली. नेताना तो काय म्हणाला ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.