वेळेत शिवून झालेला कोट

आमचा दादा शिंपी आहे, आणि पक्का थापाड्या आहे. मी त्याची सख्खी बहीण, त्याच्याच दुकानात मागच्या बाकावर बसून काज-बटणं करते, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. गिऱ्हाईक दारात दिसलं की हा गळ्यातली टेप सरळ करतो आणि म्हणतो, "फक्त इस्त्री राहिलीय, उद्या देतो." त्या कापडाला तेव्हा कात्रीसुद्धा लागलेली नसते. लोकही सरावलेत. लग्नाचा सूट हवा असेल तर लग्न ठरायच्या आधीच कापड टाकून जातात. स्वतःचं लग्नही त्याने असंच पुढे ढकलत पन्नाशी गाठली.

असा हा माणूस एके दिवशी केस चापूनचोपून विंचरून इंग्रजीच्या क्लासला निघाला. म्हटलं, कशाला? तर म्हणे परदेशी कॅटलॉग वाचायला. कॅटलॉगमध्ये नुसते फोटो असतात हे मला कळत नाही की काय! खरं कारण रस्त्यापलीकडे पाव भाजत होतं. बेकरीवाली नवऱ्यामागे एकटीच, मुलगा परदेशात, सून फक्त इंग्रजी बोलणारी, आणि मुलगा रोज फोनवर आईच्या मागे लागलेला की आता कायमची इकडेच ये. म्हणून ती क्लासला जायला लागली, आणि ती जाते म्हणून हा.

सरांनी नेमका त्याच वेळी भविष्यकाळ काढला. दादा घरी येऊन मला शिकवायचा, मी बटणं लावता लावता ऐकायची. नुसतं मनात आलं तर 'विल'. मनाशी ठरवून टाकलं तर 'गोइंग टू'. आणि तिकीट काढून, चार लोकांना सांगून पक्कं केलं तर सरळ 'आय ॲम फ्लाइंग', जणू बाई आत्ताच विमानात बसलीय. आपल्याकडे एका 'जाते'मध्ये सगळं भागतं, यांची तऱ्हाच वेगळी. सरांनी दादालाही वाक्य करायला सांगितलं. हा उभा राहून म्हणाला, "आय विल गिव्ह टुमॉरो." सर म्हणाले, व्याकरण बरोबर आहे, बाकीची जबाबदारी मी घेत नाही. अख्खा वर्ग हसला, आणि सगळ्यात जास्त बेकरीवाली हसली, हे दादाने मला तीनदा सांगितलं.

तेव्हापासून क्लासहून आला की मी आधी एवढंच विचारायची, "आज काय म्हणाली?"

"मे बी आय विल गो, म्हणाली." आणि हा पठ्ठ्या शीळ घालत इस्त्री करायला लागायचा. "विल म्हणजे काय गं, काहीच नाही. उद्या विसरेलसुद्धा."

मग एका संध्याकाळी आला तो ताटावर नुसता बसून राहिला. मी काय ते समजले. "गोइंग टू?" म्हटलं. त्याने मान डोलावली आणि न जेवताच हात धुतले. मी म्हटलं, अरे तोंड आहे ना तुला? विचार की तिला. तर म्हणाला, "आधी इंग्रजी नीट येऊ दे." डोक्याला ताप नुसता.

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः दुकानात आली, काखेत जाड लोकरीचं कापड. "मास्तर, तिकडे थंडी फार. कोट शिवून द्या. घाई अजिबात नाही हं."

आणि आमच्या दादाने काय करावं? बाकीची सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. मान मोडून त्या कोटाला बसला. अस्तर रेशमी, आतून चष्म्यासाठी चोरखिसा, काजं माझ्याकडून हाताने करून घेतली आणि दोन उसवायलाही लावली. आठवड्याच्या आत कोट तयार! हँगरला लावून, हात उंच धरून स्वतः रस्ता ओलांडून देऊन आला. समोरचा न्हावी अर्धवट दाढी सोडून बघायला बाहेर आला होता. बेकरीवालीने कोट घेतला, "झाला पण?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. दादा खुशीत परत आला. म्हणाला, बोलतीच बंद झाली तिची.

पुढच्या क्लासहून तो आला तेव्हा मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आय ॲम फ्लाइंग."

माझं डोकंच फिरलं. हातातलं काम टाकून तडक बेकरीत गेले आणि विचारलं, काय हो, एवढी घाई कसली झाली तुम्हाला? ती पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "मला कुठली घाई? मी मास्तरांकडे कोट मुद्दाम टाकला होता. म्हटलं, पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही मिळत नाही. मुलाला सांगायला बरं, कोट झाला नाही म्हणून. तर ते आठवड्यात शिवून घेऊन आले. त्यांनाच मला घालवायची घाई."

मी धावत परत आले आणि दादाला शब्दन् शब्द सांगितला. तो उठला. टेप गळ्यात तशीच, पायात चपलासुद्धा नाहीत. मी त्याच्यामागे.

"कोट परत द्या," तो तिला म्हणाला. "बाहीत चूक आहे."

"बाही छान आहे."

"खांद्यात आहे मग."

ती हात पुसून आत गेली, कोट घेऊन आली, पण हातातच धरून उभी राहिली. "कधी द्याल?"

दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. मी मनात म्हटलं, आता जर हा इस्त्रीचं काही बोलला तर इथेच लाटण्याने हाणते.

"देणार नाही," तो म्हणाला.

तिने त्या कोटाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"आता मुलाला काय सांगू?" ती म्हणाली.

"सांगा, शिंपी लबाड निघाला."

"ते त्याला ठाऊक आहे," ती हसत म्हणाली. "जायच्या आधी टाकलेली त्याची पँट अजून तुमच्याकडेच आहे."