एसटीची पायरी आणि वत्सलाकाकूंचे गुडघे

आमच्या डोणगावच्या गल्लीत कोणाच्या घरी काय चाललंय हे विचारायला जावं लागत नाही. ओट्यावर तूर निवडत बसलं की सगळं आपोआप कानावर येतं. आता माझा ओटा वत्सलाकाकूंच्या दारासमोरच आहे, त्यात माझा काय दोष? गेल्या काही महिन्यांत माझ्या सुपात तुरीपेक्षा काकूंच्या मोबाइलचेच किस्से जास्त जमलेत!

काकू सत्तरीच्या पुढच्या. दोन्ही गुडघ्यांना संधिवात. त्यांची थोरली बहीण, अक्का, दुसरबीडला असते आणि आता अंथरुणातून उठत नाही. मागच्या वर्षी काकू तिला भेटायला निघाल्या तर एसटीच्या पहिल्या पायरीवर पायच उचलेना. कंडक्टरने वरून ओढलं, खालून दोघांनी ढकललं, गाडीभर माणसं बघत राहिली.

परत आल्यावर मला म्हणाल्या, "पोत्यासारखं चढवलं व मले, शोभा! आता जाईन तं माह्या पायानं चढून जाईन, नाई तं नाई."

मुलगा गाडी घेऊन येतो म्हणाला, त्यालाही नाही. तिकडून अक्काचा दर रविवारी फोन, "कवा येतं व वत्सला?" काकू म्हणायच्या, "येतो, येतो." आणि फोन ठेवून गुडघे चोळत बसायच्या.

मग मेहकरच्या व्यायामवाल्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज पाच व्यायाम. करून झाले की बरोबरची खूण करायची. ती खूण मॅडमना तिकडे बसल्या जागी दिसते!

*

पहिल्याच दिवशी घोटाळा. ॲपमध्ये व्यायाम दाखवायला एक चांगला मिशीवाला माणूस!

काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि मोबाइल भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. "अनोळखी बाप्यासमोर पाय लांब करू का मी?"

आता तो माणूस तिकडे भिंतीला म्हणतोय, "असा पाय उचला." काकू इकडून विचारताहेत, "असा म्हंजे कसा?"

शेवटी त्यांचे यजमान, आमचे नानाजी, भिंतीला गाल टेकवून फटीतून बघायचे आणि ओरडायचे, "डावा उचलून राह्यला! आता खाली ठेवला! आता नुसताच हासून राह्यला!"

आठवडाभर असंच चाललं. मग मॅडमनी त्या माणसाच्या जागी बाई आणून दिली.

*

बाई गोड होती. प्रत्येक व्यायामानंतर म्हणायची, "खूप छान!" काकू खूश. एवढ्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्यांच्या वाट्याला फार आले नव्हते.

एकदा ऐन व्यायामात मीच विरजण मागायला गेले. काकू पाय खाली ठेवून उठल्या, मला वाटीत विरजण दिलं, सुनेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "खूप छान!"

काकू गर्रकन वळल्या. "म्या तं काहीच नाई केलं! काऊन कौतुक करून राह्यली थे?"

मी म्हटलं, "काकू, ती मशीन आहे. सगळ्यांनाच म्हणते."

काकूंनी मोबाइल उचलून त्या बाईकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "खोटारडी हाय." त्या दिवसापासून व्यायाम तिचा आणि मोजणी काकूंची!

*

ॲप रोज विचारायचं, आज दुखणं किती? शून्य ते दहा.

काकू दुपारी ओट्यावर बसून मोठ्याने आकडा ठरवायच्या. एकदा म्हणाल्या, "आज सात हाय."

पलीकडच्या सुमनबाई लसूण सोलत होत्या. त्यांच्याकडे ॲप नाही, साधा मोबाइलही नाही. तरी म्हणाल्या, "माहं आठ."

"तुहं काऊन आठ? काल तं आठवडी बाजारात गेलती तू!"

"बाजारात गेली म्हणून तं आठ!"

काकूंनी रागारागाने नऊ भरलं. दहा मिनिटांत मॅडमचा फोन, "आजी, काय झालं? पडलात का?"

काकू म्हणाल्या, "नाई व माय. शेजारीण बसली हाय."

*

नानाजी पंचायत समितीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. रिकामा रकाना दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. काकू गावातच भावाकडे भाचीच्या लग्नाला तीन दिवस राहायला गेल्या आणि मोबाइल घरीच विसरल्या. नानाजींनी तिन्ही दिवस पाचही व्यायामांवर बरोबरच्या खुणा करून टाकल्या!

मॅडमना वाटलं, आजींची गाडी जोरात आहे. त्यांनी व्यायाम वाढवून दिले. लग्नाहून आलेल्या काकूंनी ते केले आणि चार दिवस गुडघे सुजून बसल्या. त्यात रविवार आला, अक्काचा फोन आला.

नानाजी कोपऱ्यात उभे. "अवं, मस्टर कोरा ठेवू नाई."

"माह्या पायाची हजेरी तुम्ही काऊन लावता?" काकूंचे डोळे भरले होते. "अक्काले काय मस्टर दाखवू नेऊन?"

त्या संध्याकाळी मी तूर लवकर आवरून घरात गेले. काही ऐकू नये असंही कधी कधी वाटतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी टेप घेऊन बसस्टँडवर! मला कळलं कारण मी योगायोगाने मागोमाग गेले होते. गाडी लागली, हे दारात उकिडवे बसून पायरीची उंची मोजताहेत.

कंडक्टर म्हणाला, "काय हो बाबा, गाडी इकत घेऊन राह्यले काय?"

नानाजी मान वर न करता म्हणाले, "नाई. घरी बांधाची हाय."

आणि खरंच बांधली! त्यांच्या ओट्याच्या कडेला मिस्त्रीने तीन पायऱ्या केल्या. एक बुटकी, एक मधली आणि एक अगदी एसटीएवढी. बाजूला धरायला नळाचा पाइप उभा केला. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर बघून बजावलं, आधी बुटकी, घाई नाही, चढताना बरा पाय आधी.

मधल्या पायरीला दोन महिने लागले, एसटीएवढीला आणखी चार. तेवढे दिवस नानाजी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. खूण काकू स्वतः करायच्या. नानाजींनी मोबाइल फक्त धरायचा.

*

परवा काकू निघाल्या. नऊची मेहकर गाडी, तिथून दुसरबीड. पिशवीत अक्कासाठी शेवया. सोबतीला नानाजी. मी आणि सुमनबाई सहज स्टँडवर उभ्या होतो.

गाडी आली. कंडक्टर तोच, टेपच्या दिवशीचा. त्याने ओळखलं आणि हात पुढे केला. काकूंनी त्याच्या हातात पिशवी दिली.

पाइप धरावा तसा दांडा धरला. डावा पाय वर. मग एक क्षण काहीच झालं नाही. सुमनबाईंनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मग काकूंचा उजवा पायही वर गेला. दुसरी पायरी. तिसरी. काकू आत!

सुमनबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता नानाजी चढले की झालं."

नानाजींनी दांडा धरला. पाय उचलला. पाय अर्ध्यात थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबला! सहा महिने काकूंनी पायऱ्या केल्या, नानाजींनी खुर्ची.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. खालून मी आणि सुमनबाईंनी हात लावला. काकू दारात आल्या, एका हाताने दांडा धरला, दुसरा नानाजींना दिला आणि म्हणाल्या, "बरा पाय आधी."

नानाजी कसेबसे आत गेले. टोपी खाली पडली होती, ती मी वर दिली. गाडीभर माणसं बघत होती.

काकूंनी ती टोपी झटकली, नानाजींच्या डोक्यावर नीट ठेवली आणि अगदी त्या बाईच्या गोड आवाजात म्हणाल्या,

"खूप छान!"