कंपनीच्या नोंदीत नसलेला फोन

त्या सकाळी दत्तगुरूंसमोर हात जोडले खरे, पण मन प्रार्थनेत नव्हतं. माझ्या मुलीची, सुजाताची, शिष्यवृत्तीची ऑनलाइन मुलाखत दुपारी दोनला होती. ज्या लॅपटॉपवरून नोंदणी केली, त्यावरूनच ती द्यायची अट होती. आणि त्याच लॅपटॉपचं वायफाय गायब झालं होतं. आत वायफायचं कार्ड आहे हेच तो ओळखेना. केनवडला, आमच्या गावी, मोबाइलवर बोलण्यापुरती रेंज मिळते, इंटरनेट चालत नाही. घरी ब्रॉडबँड आहे, पण लॅपटॉपला त्याची वायर लावायला जागाच नाही.

दोष माझाच वाटत होता. लॅपटॉप हलका चालावा म्हणून त्यातली मूळ सिस्टिम काढून लिनक्स मीच टाकलं होतं. शाळेत संगणक शिकवतो, त्याचा ताठाही होता. लॅपटॉपच्या कंपनीच्या मदत केंद्राला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वेगळा माणूस, उत्तर एकच: लिनक्सची जबाबदारी आमची नाही, मूळ सिस्टिम टाका, मग बघू. तेवढा वेळ कुठे होता?

सुजाता म्हणाली, "राहू द्या न बाबा. तुमी कायले एवढा जीव जाळून राह्यले?" तिचा शांतपणा मला जास्त लागला.

साडेबाराला मी खटपट सोडली. देवासमोर बसून म्हणालो, मले आता काई सुचत नाही. बस, एवढंच. थोड्या वेळानं फोन वाजला. कंपनीचाच नंबर होता. पलीकडे एक बाई, आणि बोलणं चक्क आपल्या वऱ्हाडीतलं.

"दादा, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, अन् चालू करायचं बटन साठ मोजेपर्यंत दाबून धरा. कार्ड कधीकधी अडकून बसते."

लिनक्स आहे, चालेल का, असं मी भीतभीत विचारलं.

"त्याले लिनक्सशी काय घेणंदेणं?" म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी साठ मोजले. वायफाय आलं. मुलाखत झाली, पुढे सुजाताची निवडही झाली.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला फोन केला. नोंदीत माझे तीन फोन होते. तिकडून मला केलेला एकही नव्हता. तक्रार तर मुलाखतीच्या दिवशी सकाळीच बंद केलेली. वऱ्हाडी बोलणारं इथं कुणी असल्याचं माहीत नाही, असंही ते म्हणाले. कदाचित शेजारच्या टेबलावरून कुणी माझ्या तक्रारीचं बोलणं ऐकलं असेल, नियम बाजूला ठेवून फोन केला असेल. मला ठरवता येत नाही. पूर्वी असं काही न उलगडलेलं राहिलं असतं, तर मी शोधत बसलो असतो. आता तसंच राहू दिलं आहे. तिचं नाव विचारायचं तेव्हा सुचलं नाही, म्हणून रोजच्या नमस्कारात तिच्यासाठीचा एक नमस्कार मी नावाशिवायच करतो.