तिळापासून सुरू होणारी मेंदी

रुखसाना आपा मेंदी काढायला बसल्या की आधी समोरचीचा तळहात उजेडाकडे फिरवून त्यावरचे डाग शोधायच्या. तीळ, भाजल्याची खूण, जुना व्रण, काहीही चालायचं. कोन टेकवायच्या तो नेमका तिथेच. माझ्या अंगठ्याखाली कुकरच्या वाफेने पडलेला चट्टा होता. त्याचा त्यांनी असा मोर केला की मला आठवडाभर भांडी घासणं जिवावर आलं. "डाग नाय वहिनी, वरच्यानं सुरुवात करून दिली," त्या म्हणायच्या.

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत ईद असो की नागपंचमी, बायका आपांच्याच ओट्यावर. माझ्या सासूबाईंना जगात कुणाचंच काही पटत नसे, पण त्याही तिथे हात पुढे करून गुपचूप बसायच्या.

मग आपांच्याच बोटांवर पांढरे चट्टे आले आणि मनगटापर्यंत पसरले. त्यांनी त्यावर मेंदी थापून पाहिली. ती सावळ्या कातडीवर गडद आणि चट्ट्यांवर नारिंगी रंगली, हात आणखीच कबरे दिसायला लागले. "आपा, तुमच्या हिशोबानं तुमच्याकडं तर सुरुवातीच सुरुवाती आहेत," मी थट्टेनं म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

डॉक्टरांनी लागण होत नसते असं सांगितलं होतं. "मला मालूम हे. पण समोरची मनातल्या मनात हात मागं घेती, ते इथं लागतं," आपा छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. खरं तर गल्लीत कुणीच हात मागे घेतला नव्हता. कोन आपांनीच ठेवून दिला.

मुलीच्या, सनाच्या मेंदीला त्यांनी पार्लरच्या मुली बोलावल्या. नवऱ्या मुलाकडच्या बाया हॉलमध्ये, आणि आपा ओढणीत हात गुंडाळून स्वयंपाकघरात माझ्याजवळ. तेवढ्यात सना आत आली. एक हात रंगलेला, दुसरा कोरा.

"अम्मी, ह्यो तुझ्यासाठी ठेवलाय."

"लई बाया बसल्यात बाहेर. आज नको, बेटा."

"मग कधी?"

आपांनी पातेल्यावरचं झाकण उगाच काढून पुन्हा ठेवलं. सना एका कोऱ्या हातानिशी सासरी गेली.

गेल्या हिवाळ्यात आपा झोपेतच गेल्या. भेटायला गेले तेव्हा सनाची सासू कोपऱ्यात बसली होती. मी न राहवून तिला मेंदीच्या दिवसाचं सगळं सांगितलं.

"हमको तो रिश्ता लाए तबीच मालूम था," ती म्हणाली. "बुलाए तो उनको बुरा लगेगा करके बुलाए नहीं. उनके हाथ की मेंदी का बहुत सुने थे. हम सब हाथ कोरे रखकेच बैठे थे, आपा अब आती, अब आती करके."