तंगुसाची गाठ

काल भाच्यानं मासे धरायच्या अळ्यांचा डबा ओट्यावर उघडला आणि अळ्या ठेवलेल्या कोंड्याचा तो आंबूस वास आला. एकदम प्रवरेचा काठ दिसला, आणि गळ बांधत बसलेले आमचे हे.

सुप्याच्या एका कारखान्यात मशीनमध्ये ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. जखम भरेपर्यंत आम्ही गावी होतो. पट्टी सुटली तसे ते मला घेऊन नदीवर आले.

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गळाला बांधताना मागे त्याचं थोडं शेपूट सोडायचं आणि अळ्या त्यावर ओवायच्या. मग गळ मोकळा राहतो, कटला माशानं अळ्या ओढल्या की ओठात रुततो. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण वेढे घालताना दोरा निसटायचा आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"मी धरू का?"

"न्हाई. तू बस नुसती."

मी पदरात मुठी आवळून बसले. तेव्हा त्यांच्या हट्टाचा राग आला होता. आज वाटतं, मी हात घातला असता तर ते पुन्हा मशीनपुढं उभे राहिलेच नसते.

शेवटी त्यांनी दोरा दातात धरून गाठ आवळली. गळ काठावरच्या झाडाच्या एका मुळीत अडकवला आणि दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

"वढ."

गाठ सुटेल या धास्तीनं मी हळूच ओढलं.

"मला फशवू नगं. जोरात वढ."

मी जीव खाऊन ओढलं. तंगूस तळहातात रुतला, पण गाठ हलली नाही.

त्यांनी मुळीतला गळ सोडवून घेतला. मग म्हणाले, "सोमवारी कामावर जातो."