गच्चीवरचा फोटो

नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांचा तो निवारा दोघांच्या भागीदारीत चालायचा. इमारत सरकारची, खाटा, चादरी आणि पगार एका कंपनीचे. दोघांच्या मधला सगळा ताप मात्र मावशीचा. मावशी म्हणजे तिथली व्यवस्थापिका. बारा वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून ते घर सांभाळलं होतं. दाराला पाटी नाही, आणि पत्ता सख्ख्या बहिणीलाही सांगायचा नाही.

यंदा तीन वर्षांचा करार संपत होता. कंपनीला आपल्या कामगारांच्या मासिकात छापायला एक फोटो हवा होता. "एकाही बाईचा चेहरा दिसला तर बघा," मावशीनं फोटोवाल्याला दम भरला. तो बिचारा गच्चीत वाळत घातलेल्या चादरींचा फोटो काढायला तयार झाला. चादरींवरचं कंपनीचं चिन्ह नीट दिसेना, म्हणून मावशीनंच पुढे होऊन एक चादर सरकवली. चिन्ह छान दिसलं. मागच्या गॅरेजच्या भिंतीवर रंगवलेलं नावही दिसलं, पण ते मावशीच्या लक्षात आलं नाही. तिचं सगळं लक्ष करारावर होतं.

महिन्याभरानं भर दुपारी एक माणूस फाटकावर लाथा घालू लागला. तो शिलाईवालीचा नवरा होता, त्याच कंपनीच्या गोदामात माल चढवणारा. शिलाईवाली चार महिन्यांपूर्वी लेकीला घेऊन आली होती. आता कुठे तिला शिवणाची कामं मिळू लागली होती, लेक शाळेत रमली होती. पोलीस येईपर्यंत नवरा हातातलं मासिकाचं पान नाचवत होता. मावशीनं ते गजांतून ओढून घेतलं आणि फोटोत चादरींच्या मागे गॅरेजचं नाव वाचलं. पान तिनं घडी करून कमरेला खोचलं.

मायलेकींना त्याच दिवशी दुसरीकडे हलवायचं ठरलं. शिलाईवाली दोन पिशव्या भरून खाली आली.

"मावशी, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. मी आईशी फोनवर बोलले होते ना, त्यातच काहीतरी निसटलं असणार. माझीच चूक."

हेच शब्द बायकांच्या तोंडून काढून टाकण्यात मावशीची बारा वर्षं गेली होती. पान अजून कमरेला होतं. एवढंच म्हणायचं होतं: "नाही गं, माझी चूक." करार जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर तिला त्या पोरीच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

"जपून राहा हं," ती म्हणाली. "फोनवर जरा बेतानं बोलत जा."

शिलाईवालीनं मान खाली घालून "हो" म्हटलं आणि ती लेकीला घेऊन गाडीत बसली.

आठवड्यानं करार पुन्हा झाला. फोटो सगळ्यांना आवडल्याचं कंपनीच्या साहेबांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. मावशीनं आभार मानले आणि फोन ठेवल्यावर रडली. मग तिनं शिलाईवालीला चिठ्ठी लिहायला घेतली. सगळं लिहिलं, चादरीसकट. पण पाठवायची कुठे? हलवलेल्या बाईचा नवा पत्ता जुन्या निवाऱ्याला कळवायचा नाही, असा नियम होता. आणि तो मावशीनंच भांडून करून घेतला होता.