युसुफचा निळा ग्लास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण माझ्यावर फार विश्वास ठेवू नका — मी सोयीचं तेवढंच आठवणारी बाई आहे.

दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही न्यूझीलंडमध्ये लोअर हटला राहायचो, मी फार्मसिस्ट. मुलगा मिलिंद तेरा वर्षांचा. त्याच्या वर्गातला युसुफ सोमालियाहून आलेला, माझ्याहून वीतभर उंच. तो कोपऱ्यावरच्या डेअरीत — तिकडे छोट्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात — शिरला की दुकानदार काउंटर सोडून त्याच्या मागे फिरायचा. शाळेत मिलिंद उलट बोलला तर खोडकर. युसुफ बोलला तर ॲटिट्यूड. हे मला दिसत होतं. न दिसायला काय झालं? तो घरी आला की मीही पर्स आत नेऊन ठेवायचे. आणि पाणी — बाकी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, त्याला निळ्या प्लॅस्टिकच्या ग्लासात.

आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांना गावच्या शाळेत पाणी वरून ओंजळीत ओतत. दर जयंतीला मी ते मिलिंदला सांगायचे, सांगताना रडायचे. मग तो ग्लास वेगळा कुणी काढला? मीच.

एके दिवशी शाळेतून डीनचा, म्हणजे त्यांच्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांचा, फोन आला. आदल्या दुपारी शाळा सुटल्यावर चेंजिंग रूममधून कुणाचा तरी मोबाईल गेला होता. युसुफ म्हणतोय, तो तुमच्या घरी होता. मिलिंदही तेच सांगतोय — खरं का?

खरंच होतं. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत तो आमच्या लाउंजमध्ये बसलेला. माझ्याइतकं खात्रीने कोण सांगू शकलं असतं? मी त्याच्यावरची नजर काढलीच नव्हती.

"मला नक्की आठवत नाही," मी म्हटलं.

घाबरून? नाही — विचार करून. मिलिंद त्याच्यापासून सुटावा, एवढंच मनात होतं.

युसुफला शाळेतून काढलं. मिलिंद खोटारडा ठरला. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मम, यू वेअर देअर. यू वेअर वॉचिंग अस." मी भाजी चिरत राहिले.

अजून एक राहिलं. पाणी प्यायल्यावर युसुफ तो निळा ग्लास स्वतः विसळायचा आणि बाकीच्या भांड्यांत न ठेवता खिडकीपाशी वेगळा पालथा घालायचा. मी त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं.